खंडवा–हिंगोली : सरहद्दीवरील एका लोहमार्गाची कथा

बऱ्हाणपूर शहरातील मोहल्ल्यांची नावे वारांवरून पडलेली आहेत. कोठे इतवारा, तर कोठे शनवारा. इतवार म्हणजे रविवार. शहरे बाजारावर जगतात आणि बाजार रस्त्यांवर जगतो, ही गोष्ट अशी नावे न सांगता सांगून जातात. इतवाऱ्यात निमाडी, मराठी, खानदेशी, उर्दू आणि हिंदी अशा बोली एकाच ओट्यावर ऐकू येतात, याचेही कारण रस्ताच आहे. सातपुड्याच्या रांगांमध्ये असीरगडाच्या पायथ्याशी जी नैसर्गिक वाट आहे, तिच्या तोंडाशी, तापीच्या काठी हे शहर वसले. म्हणून मोगल काळापासून त्याला दक्षिणेचा दरवाजा म्हणत आले. जी वाट बादशाही फौजांनी धरली, तीच एकोणिसाव्या शतकात इंग्रज इंजिनियरांनीही धरली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भुसावळ–खंडवा हा मुख्य मार्ग रावेरवरून बऱ्हाणपूरला आला व पुढे खंडव्याकडे गेला. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता ही शहरे जबलपूरमार्गे रुळांनी जोडली गेली, तेव्हा त्या मार्गावरील एक स्थानक बऱ्हाणपूर हे होते. शहराचे स्थानक लालबागेत आहे, ते याच मार्गावर.

परंतु या कथेचा विषय तो मुख्य मार्ग नव्हे. बऱ्हाणपूरच्या पूर्वेस, आजच्या बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीत, तापीकाठी तुकईथड नावाचे एक गाव आहे. तेथून जाणारा एक लहान मापाचा लोहमार्ग खंडव्याहून निघून, तापी ओलांडून, मेळघाटच्या रानात शिरत असे. सातपुडा उतरून तो अकोटच्या काळ्या जमिनीत येई आणि पूर्णा ओलांडून अकोल्यास, तेथून वाशीम व हिंगोलीस पोहोचे. मुख्य मार्गावरून राजेरजवाडे, व्हाइसरॉय आणि टपाल गेले. या दुसऱ्या मार्गावरून बहुतांशी बाजारकरू, शेतमजूर, यात्रेकरू आणि रानातील कोरकू माणसे गेली. मुख्य मार्गाचा इतिहास पुष्कळ ठिकाणी लिहिलेला आहे. दुसऱ्याचा इतिहास लक्षात ठेवण्याचे कारण असे की, तो बांधताना देशाने एक निर्णय घेतला होता आणि तो बंद करतानाही एक निर्णय घ्यावा लागला. या दोन्ही निर्णयांची किंमत त्याच रानातील माणसांनी मोजली.

ही गोष्ट समजण्यासाठी प्रथम रुळांच्या मापाचा विचार केला पाहिजे. भारतात रेल्वे आली ती रुंद मापाची. दोन रुळांमधील अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. पुढे १८७० च्या सुमारास, लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना, सरकारने खर्चाकडे पाहून १००० मिलिमीटरचे, म्हणजे एक मीटरचे माप पत्करले. अरुंद मार्गाला भराव कमी लागतो, पूल हलके चालतात, वळणे आवळ घेता येतात. गरीब मुलखात थोड्या पैशांत पुष्कळ मैल रूळ टाकावयाचे, हा त्यामागील हिशेब होता. हिशेब त्या काळापुरता बरोबर होता. पण दोन मापे जेथे भेटतात तेथे डबा पुढे जाऊ शकत नाही. एका गाडीतील प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत चढवावे लागते. माल फुटतो, भिजतो, चोरीस जातो आणि दिवस मोडतात. बांधताना वाचविलेला पैसा वाहतुकीत वर्षानुवर्षे परत द्यावा लागला.

खंडवा हे असेच मापे बदलण्याचे ठिकाण झाले. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० साली आपल्या राजधानीपर्यंत रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला १ कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. तो मार्ग मीटरगेजचा झाला. खंडवा ते सनावद हा त्याचा पहिला भाग १ डिसेंबर १८७४ रोजी खुला झाला आणि १८७६ साली नर्मदेवरील पूल तयार झाला. पुढे हा मार्ग इंदूर, रतलाम, चित्तोड, अजमेर असा राजपुतान्यापर्यंत एकाच मापाने जोडला गेला. उत्तरेकडून आलेली ही मीटरगेज खंडव्यास येऊन थांबली.

दक्षिणेत निजामाच्या राज्यातही तोच प्रकार झाला. हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेने मनमाड ते सिकंदराबाद असा मीटरगेज मार्ग मराठवाड्यातून नेला. तो १९०० च्या सुमारास पुरा झाला. त्यावरील पूर्णा स्थानकातून हिंगोलीकडे एक फाटा काढण्यात आला व तो १९१२ साली सुरू झाला. हिंगोली हे निजामाच्या कंटिंजंट फौजेचे जुने ठाणे आणि कापसाचे व्यापारी गाव. फाटा तेथे संपला. तो तेथेच का संपला, हे नकाशा पाहिल्यावर ध्यानात येते. हिंगोलीच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर पैनगंगा आहे, आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाड. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच होता, पण १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता आणि १९०३ साली तो मध्यप्रांतास जोडला गेला. निजामाच्या राज्याची स्वतःची जकात होती, तिला करोडगिरी म्हणत. वाशीमहून हिंगोलीकडे येताना कान्हेरगाव लागते. त्या गावाच्या नावाला ‘नाका’ हा शब्द आजही चिकटून आहे. जेथे माल अडवून तपासावयाचा, तेथून रेल्वे सरळ पुढे जाऊ द्यावी, असे दोन्ही सरकारांना वाटले नाही, यात नवल नाही.

अशा रीतीने उत्तरेची मीटरगेज खंडव्यास आणि दक्षिणेची मीटरगेज हिंगोलीस अडकून राहिली. मधे सुमारे ३०० किलोमीटरची पोकळी होती. त्या पोकळीत सातपुडा होता, तीन मोठ्या नद्या होत्या आणि एक सरहद्द होती. राजस्थानातील डबा मद्रासकडे जाऊ शकत नव्हता. दक्षिणेत एंजिने कमी पडली, तर उत्तरेकडील एंजिन आपल्या चाकांवर तेथे धावत जाऊ शकत नव्हते. देश एक होता, पण त्याची मीटरगेज दोन तुकड्यांत होती.

हे तुकडे जोडण्याचे काम स्वातंत्र्यानंतर झाले. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे आणि निजाम सरकारची रेल्वे या दोन्ही नव्या मध्य रेल्वेत सामील झाल्या. करोडगिरी गेली व कंपन्याही गेल्या. अडचण उरली ती केवळ डोंगराची आणि पैशांची. पंचवार्षिक योजनांच्या काळात खंडवा–हिंगोली मार्गाचे काम हाती घेण्यात आले आणि १९५० च्या दशकात ते चालू राहून १९६० च्या सुमारास दुवा पुरा झाला. एक मीटरच्या मापाने अजमेर–जयपूरपासून खंडवा, अकोला, पूर्णा, सिकंदराबाद आणि पुढे थेट रामेश्वरपर्यंत अखंड रूळ झाले. त्या काळी वर्तमानपत्रांतून भाक्रा आणि भिलाईची जेवढी चर्चा झाली तेवढी या मार्गाची झाली नाही. तरीही देशाच्या एकीकरणाचे हे एक लोखंडी काम होते.

याच वर्षांत आणखी एक घटना घडत होती. काम सुरू झाले तेव्हा खंडवा आणि अकोला ही दोन्ही गावे एकाच राज्यात, नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात होती, आणि हिंगोली हैदराबाद राज्यात. म्हणजे सरहद्द होती ती वाशीम व हिंगोली यांच्या दरम्यान, पैनगंगेच्या बाजूस. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. वऱ्हाड आणि मराठवाडा हे दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि निमाड नव्या मध्यप्रदेशात राहिला. पैनगंगेवरची सरहद्द पुसली गेली आणि मेळघाटच्या रानात नवी सरहद्द उभी राहिली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा तीच त्याची उत्तरेकडील सीमा ठरली. रूळ टाकणाऱ्या मजुरांनी आपली पहार जागची हलविली नाही. हलली ती सरहद्द. जो मार्ग एक सीमा मिटविण्यासाठी काढला, तो पुरा होईपर्यंत दुसऱ्या सीमेवरचा मार्ग झाला.

इंजिनियरांच्या दृष्टीने या मार्गाचा सर्वांत अवघड भाग होता तो अकोट ते तुकईथड. बऱ्हाणपूरची खिंड जुन्या राजमार्गाची होती. मेळघाटातून असा राजमार्ग कधी नव्हता. त्या डोंगराळ मुलखाची उंची बैलगाडीला मोठी नसेल, पण आगगाडीची अडचण निराळी असते. गुळगुळीत पोलादी रुळावर गुळगुळीत पोलादी चाक चालते. सपाटीवर हीच गोष्ट सोयीची ठरते आणि चढावर तीच घातक होते. चढ थोडा वाढला की एंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागतात. बोरघाटात चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र ठेवावा लागला आणि तेथे गाडीची दिशा उलटवून चढण्याची युक्ती जुन्या इंजिनियरांनी योजिली होती. मेळघाटात दुसरी युक्ती वापरली. उंची कमी करता येत नसेल तर वाट लांबवावी, हे घाटाचे मूळ सूत्र. धूळघाट स्थानकाजवळ रुळांना डोंगराभोवती असा वेढा दिला की, गाडी वळसा घेऊन वर चढे आणि ज्या रुळांवरून आली त्याच रुळांना वरून ओलांडून पुढे जाई. मराठी ४ चा आकडा काढताना लेखणी जशी खाली येऊन वळते आणि आपलीच रेघ कापून वर जाते, तसा तो मार्ग होता. खिडकीतून खाली पाहिले की, आपण थोड्या वेळापूर्वी जेथून आलो ते रूळ पायाखाली दिसत. प्रथम बसणाऱ्या मुलांना गाडी वाट चुकली असेच वाटावे.

या मार्गावरून आधी वाफेची आणि पुढे डिझेलची एंजिने धावली. जयपूर व हैदराबाद यांना जोडणारी मीनाक्षी एक्सप्रेस ही या मार्गाची प्रतिष्ठित गाडी. पण खरे महत्त्व होते ते थांबत थांबत जाणाऱ्या पॅसेंजरचे. हिवरखेड, अडगाव, वान रोड, धूळघाट, डाबका, तुकईथड अशी तिची स्थानके. त्यांपैकी रानातील स्थानकांजवळ पावसाळ्यात दुसरे वाहन पोहोचणे कठीण असे. आजारी माणसाला दवाखान्यात न्यावयाचे, कापसाच्या वेचणीस अकोटकडे उतरावयाचे, खंडव्याच्या बाजारास जावयाचे, तर ही गाडी. ओंकारेश्वराच्या यात्रेस निघालेला वऱ्हाडी माणूस अकोल्यास बसला की डबा न बदलता नर्मदेपर्यंत जाई. तुकईथडचे सासर आणि अकोटचे माहेर असले, तर मुलीला दोन राज्ये ओलांडावी लागत, पण तिकीट एकच लागे. कारभार पुढे दक्षिण मध्य रेल्वेकडे आला. गाव मध्यप्रदेशात, रान महाराष्ट्रात आणि गाडीचे वेळापत्रक ठरे सिकंदराबादेस. प्रवाशांना त्याचे काही वाटत नसे.

बऱ्हाणपूर शहराला मात्र या मार्गाचा थेट लाभ झाला नाही. इतवाऱ्यातील व्यापाऱ्याला अकोल्यास जावयाचे झाल्यास लालबाग स्थानकातून भुसावळ गाठावे लागे आणि तेथून पुन्हा पूर्वेकडे मलकापूर, शेगाव असे वळावे लागे. आपल्याच तहसिलीतून अकोल्याकडे सरळ जाणारी गाडी त्याच्या उपयोगाची नव्हती. मोठ्या मार्गावर असण्याचे सुख आणि लहान मार्गापासून दूर असण्याची गैरसोय, अशी या शहराची स्थिती राहिली.

१९९२ साली देशातील सर्व मुख्य लोहमार्ग एकाच रुंद मापाचे करण्याचे धोरण सुरू झाले. ज्या विभागणीवर उपाय म्हणून खंडवा–हिंगोली दुवा बांधला होता, तिच्यावरचा हा मोठा आणि अखेरचा उपाय होता. परंतु त्या उपायात दुव्याचाच बळी जाणार होता. दक्षिणेकडून मापे बदलत आली, तसतसा मीनाक्षी एक्सप्रेसचा प्रवास आखूड होत गेला. २००८ साली पूर्णा ते अकोला हा भाग ब्रॉडगेज झाला. आता मीटरगेज उरली ती अकोल्याच्या उत्तरेस, आणि तिचा दक्षिणेशी संबंध तुटला. १९१२ साली हिंगोलीस जसा फाटा अडला होता, तसाच जवळजवळ शंभर वर्षांनी उलट्या बाजूने अकोल्यास मार्ग अडला. २०१६ अखेर खंडवा–अकोला गाडीही थांबली आणि माप बदलण्यासाठी मार्ग बंद झाला.

रूळ उखडणे सोपे होते. नवे रूळ टाकण्याचा प्रश्न आला तेव्हा रानाचा प्रश्न उभा राहिला. मार्ग बांधला त्या वेळी मेळघाट हे सरकारी जंगल होते. लाकूड तोडण्यासाठी आणि बांबू नेण्यासाठी रेल्वे आली तर वनखात्याला ती हवीच होती. १९७४ साली तेथे व्याघ्रप्रकल्प झाला. देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी तो एक. जुन्या मार्गाचे जवळजवळ ४० किलोमीटर अंतर या प्रकल्पातून जाते. मीटरगेजच्या संथ गाड्या एक वेळ चालल्या, पण रुंद मार्गावरून दिवसरात्र वेगाने धावणाऱ्या मालगाड्या वाघांच्या अधिवासाचे दोन तुकडे करतील, असे वन्यजीवांच्या अभ्यासकांनी सांगितले. दुसरीकडे गावकरी विचारीत होते की, आमची गाडी साठ वर्षे धावत होती, ती का बंद ठेवता? हा वाद वन्यजीव मंडळापुढे आणि न्यायालयांपुढे गेला. २०२० च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून मार्ग व्याघ्रप्रकल्पाच्या बाहेरून न्यावा, अशी मागणी केली. अखेर वळशाचा मार्ग पुढे आला. हिवरखेडहून सोनाळा, जळगाव जामोदचा परिसर आणि तेथून खकनारच्या बाजूने तुकईथड, अशी त्याची दिशा. सुमारे ३० किलोमीटर अंतर वाढते, खर्च वाढतो, पण रान वाचते आणि ज्यांनी कधी रूळ पाहिले नाहीत अशी अनेक गावे मार्गावर येतात.

दोन्ही बाजू ऐकल्यावर कोणीही सुज्ञ माणूस सहज निकाल देणार नाही. वाघाला तिकीट काढता येत नाही आणि अर्जही करता येत नाही. त्याच्या वतीने कोणी तरी बोलावेच लागते. पण रानातील स्थानकावर गाडीची वाट पाहणारी कोरकू बाईसुद्धा अर्ज करण्यास कोठे जाणार? मेळघाटच्या गाभ्यातील काही गावे यापूर्वीच उठवून अकोट–तेल्हाऱ्याच्या बाजूस वसविण्यात आली. जी उरली त्यांची गाडी गेली. वळशाचा मार्ग ज्यांना लाभेल ते लोक निराळे आणि ज्यांची गाडी गेली ते लोक निराळे, ही गोष्ट लाभाच्या आनंदात विसरली जाऊ नये. रेल्वे नेणे शक्य नसेल, तर बारमाही रस्ता, वेळेवर येणारी बस आणि जवळ दवाखाना एवढे तरी त्यांचे देणे समाजावर राहते. रानाचे रक्षण हे सर्व देशाचे कर्तव्य असेल, तर त्याचा भार एकट्या रानातील माणसावर टाकणे न्यायाचे नाही.

लहान लोहमार्गाची किंमत किती असते, याचे प्रत्यंतर दक्षिणेकडील टोकास लवकरच आले. २०२२ च्या ऑक्टोबरात अकोला–अकोट रस्त्यावर गांधीग्राम येथील पूर्णेवरचा जुना पूल धोकादायक ठरून वाहतुकीस बंद झाला. तालुक्याचे गाव आणि जिल्ह्याचे गाव यांमधली वाट तुटली. त्यानंतर महिन्याभराने, नोव्हेंबरात, नव्या ब्रॉडगेज रुळांवरून अकोला–अकोट गाडी सुरू झाली आणि लोकांचा जीव भांड्यात पडला. बंद पडलेल्या मार्गाचा एक तुकडा जिवंत झाला आणि त्याने पहिल्याच दिवसापासून आपले काम केले.

खंडव्याच्या पलीकडे होळकरांच्या मार्गावरील पाताळपाणी–काळाकुंड हा घाट २०१८ पासून वारसा म्हणून जपण्यात आला. तेथे हौशी प्रवासी गाडीत बसतात आणि धबधबा पाहतात. धूळघाटच्या वेढ्यावर मात्र रानाने आपला हक्क सांगितला. तेथील पुलाखालून आणि पुलावरून आता गाडी जात नाही, जनावरे जातात. साऱ्या देशाची मीटरगेज एका सूत्रात ओवण्यासाठी ज्यांनी तो डोंगर फोडला, त्या मजुरांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

मोगलांच्या वाटेवर वसलेल्या बऱ्हाणपूरला रस्ता बदलण्याचे परिणाम ठाऊक आहेत. वाट वळली की बाजार वळतो. बाजार वळला की मोहल्ल्याला वाराचे नाव तेवढे उरते. खकनारकडून येणारा नवा मार्ग पुरा होईल, तेव्हा या जिल्ह्याच्या पूर्वभागाला अकोला पुन्हा जवळ येईल आणि इतवाऱ्याच्या दुकानांतही त्याची चाहूल लागेल. त्या दिवशी पहिल्या गाडीला हार घालणारांनी डाबका आणि धूळघाटच्या माणसांसाठी निदान एका बसची मागणी त्याच सभेत करावी. जुन्या गाडीचे तेवढे ऋण तरी फिटेल.